‘पर्यंत’ एक, अर्थ दोन

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे बडोद्याची आहेत आणि त्यांतील बऱ्याच प्रश्नांचे मूळ एकच आहे. मराठीत जिथे एका शब्दावर भागते तिथे इंग्रजीने दोन शब्द ठेवलेले असतात, आणि कोश उघडला तर दोन्हींपुढे तोच मराठी प्रतिशब्द छापलेला सापडतो. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि कचेरीत इंग्रजी असा ज्यांचा दिवस जातो त्या बडोदेकरांना हा पेच वारंवार पडतो. मात्र तो सोडवण्याचे एक जास्तीचे साधनही त्यांच्याकडे असते, हे पहिल्याच उत्तरात दिसेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीत मराठी, गुजराती आणि दक्षिणेकडील कुटुंबे राहतात, म्हणून सूचना इंग्रजीत लिहावी लागते. ‘ऑल मेंबर्स शुड पे द मेंटेनन्स अंटिल १० जुलै’ अशी सूचना मी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावली. एका सभासदांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने ‘अंटिल’ खोडून त्यावर पेन्सिलीने ‘बाय’ असे लिहिले. दहा तारखेपर्यंत पैसे भरावेत एवढेच मला सांगायचे होते. ‘अंटिल’ म्हणजे ‘पर्यंत’च ना? — मांजलपूर येथील एका सोसायटीचे सेक्रेटरी

उत्तर : ‘अंटिल’ म्हणजे ‘पर्यंत’च, आणि तरीही त्या मुलीने केलेली दुरुस्ती बरोबर आहे. आपल्या मूळ वाक्याचा शब्दशः अर्थ असा होतो की सभासदांनी आजपासून पैसे भरायला लागावे, भरत राहावे आणि दहा जुलै उजाडला की थांबावे. कोणत्याही सेक्रेटरीला हा अर्थ मनातून आवडेल, पण सर्वसाधारण सभेत तो मंजूर होणे कठीण आहे.

मराठीतला ‘पर्यंत’ दोन निराळी कामे करतो. ‘दहा तारखेपर्यंत कार्यालय बंद राहील’ या वाक्यात बंद असण्याची स्थिती आजपासून त्या तारखेपर्यंत अखंड चालू आहे. ‘दहा तारखेपर्यंत पैसे भरा’ या वाक्यात अखंड असे काहीच नाही. एकदाच करायची एक गोष्ट आहे आणि ती ज्या मर्यादेच्या अलीकडे केव्हाही केली तरी चालेल, ती मर्यादा तेवढी सांगितली आहे. अखंड चालणाऱ्या स्थितीसाठी इंग्रजी ‘अंटिल’ वापरते, तर मर्यादेच्या अलीकडे उरकायच्या कामासाठी ‘बाय’ वापरते. मराठीपुरती कसोटी हवी असेल तर ‘पर्यंत’ काढून तेथे ‘च्या आत’ घालून पाहावे. ‘दहा तारखेच्या आत पैसे भरा’ हे वाक्य चालते, म्हणून तेथे ‘बाय’. ‘दहा तारखेच्या आत कार्यालय बंद राहील’ हे कानाला लगेच खटकते, म्हणून तेथे ‘अंटिल’.

बडोद्यात राहणाऱ्याला मात्र याहून सोपी कसोटी रोजच्या बोलण्यातच मिळते. गुजराती माणूस ‘सांज सुधी बेसजो’ म्हणतो आणि ‘सांज सुधीमां आवी जजो’ म्हणतो. संध्याकाळपर्यंत बसून राहायचे असेल तर नुसते ‘सुधी’, आणि संध्याकाळपर्यंत केव्हातरी येऊन पोहोचायचे असेल तर ‘सुधीमां’. त्या एका ‘मां’ने जो भेद केला आहे तोच भेद इंग्रजीत ‘अंटिल’ आणि ‘बाय’ यांमध्ये आहे. सूचना लिहिण्यापूर्वी ती शेजाऱ्यांना गुजरातीतून सांगायची झाल्यास आपण कसे सांगाल ते मनात म्हणून पाहावे. ‘सुधीमां’ तोंडात आले की ‘बाय’ लिहावे.

याच शब्दाशी निगडित असलेली दुसरी चूक अधिक चिवट आहे आणि चांगले इंग्रजी लिहिणारेही ती करतात. ‘जोपर्यंत डॉक्टर येत नाहीत तोपर्यंत थांबा’ असे आपण म्हणतो आणि गुजरातीतही तेथे नकारच येतो. तो नकार उचलून ‘वेट अंटिल द डॉक्टर डझन्ट कम’ असे लिहिले जाते. इंग्रजीत ‘अंटिल’ने स्थिती संपण्याचा क्षण दाखवला जातो, आणि तो क्षण डॉक्टर आल्याचा आहे, न आल्याचा नव्हे, म्हणून ‘अंटिल द डॉक्टर कम्स’ एवढेच पुरते. अंतराच्या बाबतीतही ‘पर्यंत’ फसवतो. ‘स्टेशनपर्यंत चालत गेलो’ याचे ‘वॉक्ड अंटिल द स्टेशन’ होत नाही, कारण ‘अंटिल’ काळाचा शब्द आहे, रस्त्याचा नाही. तेथे ‘अ‍ॅज फार अ‍ॅज’ किंवा नुसते ‘टु’ हवे. जाता जाता एवढे सांगतो की ‘टिल’ हे ‘अंटिल’चे आखूड केलेले रूप नाही. ‘टिल’ हाच जुना शब्द असून ‘अंटिल’ त्याच्या अंगावर नंतर वाढला आहे, त्यामुळे ‘टिल’ लिहिताना आधी उलटा स्वल्पविराम देण्याची गरज नसते.

आपल्या मनाला लागू नये म्हणून माझीही एक गोष्ट सांगतो. शिक्षकीच्या पहिल्या वर्षी मी वर्गातल्या फळ्यावर ‘रिटर्न द बुक्स अंटिल सॅटर्डे’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. सगळ्या मुलांनी पुस्तके वेळेवर आणून दिली, कारण वर्गात सगळी मुले मराठी आणि गुजराती होती आणि माझी चूक ही त्यांचीही चूक होती. ती फळ्यावर आठवडाभर राहिली.

सूचनेत वाद नको असेल तर ‘बाय’ही बाजूला ठेवावा. दहा तारखेला पैसे आणणारा वेळेत आला की उशिरा, यावर सोसायट्यांमध्ये भांडणे होतात. ‘मेंटेनन्स टु बी पेड ऑन ऑर बिफोर १० जुलै’ असे लिहिल्यास दहावी तारीख धरूनच मुदत आहे, हे निर्विवाद होते.

प्रश्न : माझा मुलगा संगणक कंपनीत काम करतो. परदेशी ग्राहकाला त्याने ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर डिझाइन’ असे पत्र पाठवले, आणि त्यावर रागाचे उत्तर आले. त्याला केवळ एक शंका विचारायची होती. यात त्याचे काय चुकले? — अलकापुरी येथील एक वाचक भगिनी

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे इंग्रजी चुकले नाही, त्यांच्या मनातली मराठी शंका इंग्रजीत पोहोचेपर्यंत तिचा अर्थ पालटला, एवढेच झाले. आपण शंका ‘विचारतो’ आणि शंका ‘घेतो’. शंका विचारणारा विद्यार्थी नम्र असतो, त्याला समजून घ्यायचे असते. शंका घेणारा माणूस समोरच्यावर अविश्वास दाखवत असतो. मराठीत हा भेद नामात नसून पुढच्या क्रियापदात आहे आणि तो आपल्याला इतका सवयीचा आहे की तो आहे हेच लक्षात येत नाही. इंग्रजी ‘डाउट’ मात्र प्रामुख्याने दुसऱ्या बाजूचा, म्हणजे घेतलेल्या शंकेचा शब्द आहे. ग्राहकाने त्या वाक्यातून ‘तुमच्या आराखड्यावर माझा भरवसा नाही’ असा अर्थ घेतला, आणि त्याला राग आला असेल तर त्यात नवल नाही. विचारायच्या शंकेला इंग्रजीत ‘क्वेश्चन’ हा साधा शब्द आहे.

भारतातल्या शाळांत ‘डाउट विचारणे’ आता इतके रुळले आहे की शिकवणीच्या वर्गांत शंकानिरसनाचा तासच ‘डाउट’च्या नावाने भरतो. आपसांत तो शब्द वापरायला माझी हरकत नाही. भाषा ज्या देशात जाते तेथली सवय उचलते. पण पत्र देशाबाहेर जाणार असेल तर त्यातून हा शब्द काढून टाकावा.

‘डाउट’शेजारी ‘सस्पेक्ट’ ठेवला की आणखी एक मौज दिसते. दोन्हींपुढे कोशात ‘शंका येणे, संशय येणे’ असेच लिहिलेले असते, पण वाक्यात बसवल्यावर ते एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. ‘आय डाउट दॅट ही टुक द मनी’ म्हणजे त्याने पैसे घेतले असतील असे मला वाटत नाही. ‘आय सस्पेक्ट दॅट ही टुक द मनी’ म्हणजे त्यानेच घेतले असावेत असे मला वाटते. पहिला बोलणारा त्या माणसाची बाजू घेत आहे, दुसरा त्याच्याकडे बोट दाखवत आहे, आणि या दोघांच्या म्हणण्याचे भाषांतर ‘मला शंका आहे’ असे एकच केले तर निर्दोष माणूस अडकायचा. मराठीत ही गाठ सोडवायची असेल तर ‘त्याने घेतले असतील याची शंका वाटते’ आणि ‘त्यानेच घेतले असावेत असा संशय आहे’ असे दोन शब्द वेगळे ठेवावेत. एखाद्या गोष्टीवर विश्वास बसत नाही तेथे शंका, आणि एखाद्या माणसावर ठपका येतो तेथे संशय, ही आपल्या जुन्या वापरातली वाटणी आजही उपयोगी आहे.

प्रश्न : ‘शेड’ आणि ‘शॅडो’ या दोन्हींचा अर्थ मी मुलांना ‘सावली’ असाच सांगते. मग एका मुलाने विचारले की वर्तमानपत्रात ‘झिरो शॅडो डे’ येतो, तसा ‘झिरो शेड डे’ का नसतो? मला उत्तर देता आले नाही. — वाडी भागातील एक शिक्षिका

उत्तर : त्या मुलाने भेदाच्या नेमक्या जागी बोट ठेवले आहे, त्याला माझी शाबासकी कळवावी. बडोदे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे वर्षातून दोनदा, जूनच्या आरंभी आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. जुलैतला दिवस ढगांत जातो, पण जूनमधल्या त्या दिवशी आकाश मोकळे असेल तर मुलांना शाळेच्या पटांगणावर उभे करावे. प्रत्येकाची सावली आखडत आखडत पायांखाली येऊन नाहीशी झालेली दिसेल. ही नाहीशी झालेली सावली म्हणजे ‘शॅडो’. तिला आकार असतो, कडा असतात, आणि ती कोणाची तरी असते. त्याच क्षणी पटांगणाच्या कडेला वडाचे झाड असेल तर त्याच्याखाली मात्र गारवा तसाच असेल, ती ‘शेड’. ती बसण्याची जागा आहे, तिला नाक-डोळे नाहीत. कमाटी बागेत भर दुपारी उन्हातून चालत वडाखाली यावे, म्हणजे आपली ‘शॅडो’ ‘शेड’मध्ये शिरताच दिसेनाशी होते; ‘शेड’मध्ये बसलेल्या माणसाला स्वतःची ‘शॅडो’ उरत नाही. वडावरूनच ज्याचे नाव पडले असे सांगतात त्या शहरात हा धडा पुस्तकाशिवाय शिकवता येईल.

हे दोन शब्द मुळात एकच होते. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्ती लागत असे आणि त्यामुळे एकाच शब्दाची दोन रूपे होत, जशी मराठीत ‘पाणी’ आणि त्याचे सामान्यरूप ‘पाण्या’ अशी होतात. कर्त्याच्या जागी येणाऱ्या रूपापासून ‘शेड’ झाला आणि विभक्तीच्या रूपापासून ‘शॅडो’ झाला. पुढे विभक्ती गळून पडल्या, पण दोन्ही रूपे जगली आणि त्यांनी अर्थाची वाटणी करून घेतली. उद्या मराठीत ‘पाणी’ म्हणजे पिण्याचे आणि ‘पाण्या’ म्हणजे पावसाचे असे ठरले तर जे होईल तेच तेथे झाले.

वाक्प्रचारांत मात्र सांभाळावे लागते. ‘तो सावलीसारखा मागे लागला’ यातली सावली ‘शॅडो’ आहे, हे सरळ आहे. ‘मी वडिलांच्या सावलीत वाढलो’ असे आपण कृतज्ञतेने म्हणतो, आणि त्याचे ‘आय ग्रू अप इन माय फादर्स शॅडो’ असे भाषांतर करतो. इंग्रजी वाचक त्याचा अर्थ असा घेतो की वडिलांच्या मोठेपणापुढे मुलाला कधी डोके वर काढता आले नाही. वडिलांचे उपकार मानायला गेलेला मुलगा अशा रीतीने तक्रार करून मोकळा होतो. आपली सावली येथे झाडाची आहे, पण इंग्रजीत या ठिकाणी ‘शेड’ही चालत नाही, त्यामुळे रूपक सोडून वडिलांनी आधार दिला, मायेने वाढवले, असे सरळ लिहिणेच बरे.

प्रश्न : कोशकारांनी दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांपुढे एकच मराठी शब्द देऊन आळस केला आहे, असे वाटत नाही का? — रावपुरा येथील एक वाचक

उत्तर : नाही. कॅंडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला, तेव्हापासून प्रतिशब्द शोधण्याचे काम मोठ्या कष्टाने झालेले आहे. बडोदे सरकारने १९३१ साली काढलेला श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु पाहावा. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी अशा अनेक भाषांतले पर्याय त्यात ओळीने मांडलेले आहेत. कारभारात एका संज्ञेला एकच अर्थ असावा लागतो, म्हणून तेथे ही पद्धत उत्तम चालते. ‘शेड’, ‘बाय’, ‘डाउट’ हे शब्द कोणत्याही खात्याचे नाहीत; ते वाक्यातच कळतात. अशा शब्दांसाठी उदाहरणांची वाक्ये देणारा इंग्रजी-इंग्रजी कोश जवळ ठेवावा.

प्रश्न : माझी मुलगी कायद्याचा अभ्यास करते. लवाद ‘डिसइंटरेस्टेड’ असावा असे तिच्या पुस्तकात वाचून मी चकित झालो. ज्याला खटल्यात रसच नाही तो न्याय काय करणार? — कारेलीबाग येथील एक वाचक

उत्तर : ज्याला रस नाही तो ‘अनइंटरेस्टेड’, ज्याचा हितसंबंध नाही तो ‘डिसइंटरेस्टेड’. लवाद दुसऱ्या प्रकारचा हवा आणि पहिल्या प्रकारचा मुळीच नको. येथे नेहमीच्या उलट प्रकार आहे, म्हणजे इंग्रजीत शब्द एक आणि मराठीत तीन. ‘इंटरेस्ट’ म्हणजे रस, हितसंबंध आणि व्याज. ज्या शहरात १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन झाली तेथे तिसरा अर्थ आधी आठवावा हे स्वाभाविक आहे, आणि समजून घ्यायलाही तोच उपयोगी पडतो. ज्या व्यवहारात आपला पैसा गुंतला आहे त्यात आपला ‘इंटरेस्ट’ आहे. ज्यात काहीच गुंतलेले नाही त्यात निवाडा देताना आपण ‘डिसइंटरेस्टेड’ असतो. मराठीत ‘निःस्वार्थ’ किंवा ‘तटस्थ’ हे शब्द जवळचे आहेत. आपल्या मुलीला एक सावधगिरी सांगावी. हल्ली पुष्कळ इंग्रज लेखकही ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द ‘कंटाळलेला’ या अर्थी वापरतात, आणि सतराव्या शतकातही तो तसा वापरलेला आढळतो. त्यामुळे त्यांना अडाणी म्हणता येत नाही. कायद्याच्या उत्तरपत्रिकेत मात्र पुस्तकातलाच अर्थ धरावा.

प्रश्न : ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ यांपैकी कोणता शब्द केव्हा वापरावा? — एक विद्यार्थी

उत्तर : इतिहासात ज्याला महत्त्व आले ते ‘हिस्टॉरिक’, आणि ज्याचा इतिहासाशी संबंध आहे ते सगळे ‘हिस्टॉरिकल’. सयाजीराव महाराजांनी अमरेली भागात १८९३ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये ते शिक्षण संपूर्ण राज्याला लागू केले. हा निर्णय ‘हिस्टॉरिक’ होता. त्या काळातल्या एखाद्या शाळेची हजेरीवही आपल्या माळ्यावर सापडली तर तो ‘हिस्टॉरिकल’ कागद होय, मग त्यात कोणी मोठे झालेले नाव असो वा नसो. मराठीत दोन्ही ‘ऐतिहासिक’च, म्हणून भाषणात काल झालेली गल्लीतली सभाही ऐतिहासिक ठरते. ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ यांत मराठी अधिक काटेकोर आहे, कारण आपण पहिल्याला ‘आर्थिक’ आणि दुसऱ्याला ‘काटकसरीचा’ असे वेगळे शब्द वापरतो. ‘क्लासिक’ आणि ‘क्लासिकल’चे उदाहरण बडोद्यातच आहे. दरबारचे गायक उस्ताद फैयाज खाँ जे गात ते ‘क्लासिकल’ संगीत. त्यांचे एखादे ध्वनिमुद्रण त्या प्रकारातला उत्कृष्ट नमुना ठरले तर ते ‘क्लासिक’. या सगळ्या जोड्यांना मिळून एक नियम शोधण्याच्या भरीस पडू नये, कारण तो नाही.

प्रश्न : माझा नातू ‘बॉरो मी युवर पेन’ असे म्हणतो. त्याला कसे समजवावे? — एक आजी

उत्तर : आपण ‘उसने घेतो’ आणि ‘उसने देतो’, शब्द तोच, फक्त क्रियापद बदलते. इंग्रजीत घेणाऱ्याचा शब्द ‘बॉरो’ आणि देणाऱ्याचा ‘लेंड’. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायला त्याला पाठवावे आणि जाताना ‘बॉरो’, तर शेजारणीचा मुलगा आपल्याकडे साखर मागायला आला की ती देताना ‘लेंड’ असे म्हणून दाखवावे. चार दिवसांत पुरते बसेल.

प्रश्न : वह्या-पेनांच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘स्टेशनरी’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटून तिसरे अक्षर कुठे ‘ए’ तर कुठे ‘ई’ असते. बरोबर कोणते? — दांडिया बाजार येथील एक वाचक

उत्तर : वह्या, कागद, पाकिटे यांसाठी ‘ई’, आणि जागच्या जागी उभे असलेल्या वस्तूसाठी ‘ए’. ‘एन्व्हलप’ हा शब्द ‘ई’ने सुरू होतो, हे ध्यानात ठेवले की गोंधळ होत नाही. परंतु ‘ए’ लिहिणाऱ्या रंगाऱ्याला मी फार दोष देणार नाही. मध्ययुगात पुस्तके विकणारे बहुतेक फेरीवाले असत, आणि त्यांच्यातले जे एका जागी कायमचे दुकान मांडून बसत त्यांना त्या स्थिरपणावरून ‘स्टेशनर’ हे नाव पडले. त्यांच्याकडे मिळणारा माल तो ‘स्टेशनरी’. दांडिया बाजारातले आपले दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या त्याच ओट्यावर बसलेले असतील, तर त्यांच्या पाटीवरचा ‘ए’ स्पेलिंग म्हणून चुकला असला तरी माहिती म्हणून खरा आहे.